मंगळवारची चिंच

आयुष्यात मी पुष्कळ माणसांवर चिडलो, पण सरांवर टाइमटेबलनं चिडलो. दर मंगळवारी सकाळी साडेनऊची एसटी फाट्यावर थांबायची आणि माझं डोकं तापायला लागायचं. फाट्यापासून आमच्या घरापर्यंत दहा मिनिटांची वाट. तेवढ्यात राग चांगला उकळी धरायचा.

माझे डोळे दहावीच्या वर्षी गेले. आधी फळा पुसट झाला, मग फळ्यापुढचे गुरुजी. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला, आणि उशीर झाला हेही सांगितलं. त्यानंतर चार वर्षं माझा मुक्काम ओसरीवरच्या बाजेवर. माय ताट हातात द्यायची, भाकरी कुस्करून द्यायची, हात धुवायला तांब्या धरायची, सदऱ्याची बटनंसुद्धा तीच लावायची. मी वीस वर्षांचा घोडा, मिसरूड फुटलेलं, आणि मायपुढं मान वर करून बटनं लावून घेतोय! लाज वाटायची, पण लाजेपेक्षा सवय मोठी.

सर हिंगोलीच्या एका लहानशा संस्थेत कामाला होते. हिंगोली तेव्हा जिल्हा व्हायची होती. डोळ्यानं अधू असलेल्यांच्या घरी जाऊन त्यांना रोजचं जगणं शिकवायचं, हे त्यांचं काम. चहा करणं, कपडे धुणं, काठी घेऊन चालणं, स्वयंपाक. शिरड शहापूरच्या आसपासच्या गावांत त्यांना 'आंधळ्याचे मास्तर' म्हणत. म्हणणाऱ्यांना वाटायचं मास्तरांना ऐकू जात नाही. मास्तर लांबूनच ओरडायचे, "व्हय, आलो बरं का!"

दिसायला सर कसे होते ते मला ठाऊक नाही. उजव्या चपलेचा अंगठा तुटलेला आणि खिळा मारून बसवलेला, त्यामुळं एक पाऊल 'खट' वाजायचं आणि दुसरं 'फट'. अंगाला खोबरेल तेलाचा आणि एसटीच्या धुराचा वास. बसले की गप्प म्हणून राहायचे नाहीत. खांद्याच्या पिशवीत तीन वस्तू कायम: एक पितळी कुलूप, एक वही आणि चिंच.

चिंच माझ्यासाठी नव्हती, मायसाठी होती.

पहिल्या मंगळवारी सरांनी मला माठातून एक तांब्या पाणी आणायला सांगितलं. मी उठलो तशी माय उठली. मी भिंत चाचपली, तिनं माझा हात धरला. मी तांब्या बुडवला, तिनं खालून तळहात लावला. दुसऱ्या मंगळवारी सर पायलीभर चिंच घेऊन आले, टरफलासकट. म्हणाले, "वैनी, एवढी चिंच फोडून पायजे मला. साडेचारच्या गाडीच्या आत." आता घरी आलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं? माय बसली फोडत. आणि चिंचेनं बरबटलेल्या हातानं पोराच्या धुतलेल्या सदऱ्याला हात लावायची सोय नाही! मी पाणी सांडलं, उंबऱ्याला ठेचाळलो, परातीत पाय दिला. माय जागेवरून नुसती "अगं माय, अगं माय" करत राहिली. तिच्या हाताखालचा टरफलाचा आवाज थांबला, की सर लगेच म्हणायचे, "वैनी, चिंच."

वर्षभर दर मंगळवारी चिंच आली. चिंचेचा हंगाम नसला तर शेंगा. माय रडायची, डोळे पुसायला हात वर न्यायची, आणि हाताला चिंच म्हणून तसाच खाली आणायची. "हा मानूस हाय का कोन हाय," असं ती बाबांना सांगायची. पण मंगळवारी सकाळी मोकळं सूप घेऊन दारातही तीच बसायची.

कुलपाची गोष्ट तर गावानं कितीतरी दिवस चघळली. सरांचं म्हणणं होतं, ज्याला आपल्या दाराला कुलूप लावता येतं आणि काढता येतं, घर त्याचं. म्हणून एका मंगळवारी त्यांनी माय, बाबा, थोरला भाऊ, वहिनी, सगळ्यांना बाहेर काढलं आणि मला दाराला कुलूप घालायला लावलं. आता आमच्याकडं भरल्या घराला दिवसाढवळ्या कोणी कुलूप लावत नाही. कुलूप दिसलं म्हणजे घर कुठल्यातरी मयतीला गेलं. त्यात घरातली माणसं दारापुढं उभी, माय डोळ्याला पदर लावून. मी किल्ली पाडली ती सापडेना, आणि सर कुणाला वाकू देईनात. पाच मिनिटांत शेजारची आजी गळा काढून हजर. "अगं माय, कोन गेलं गं?" तिच्यामागं आणखी चार बाया. सर म्हणाले, "कोनी गेलं न्हाई आजी. किल्ली गेली." आजी तोंडातल्या तोंडात "बिच्चारं लेकरू" म्हणाली असावी, कारण सर लगेच तिच्याकडं वळले. "आजी, सुईत दोरा कोन ओवून देतो तुमाला?"

"नातू."

"मंग तुमी बी बिचाऱ्याच की."

आजी त्यानंतर मंगळवारी आमच्या दारावरून जात नसे. किल्ली मला सापडली, अर्ध्या तासानं, माझ्याच पायाखाली. सर म्हणाले, "बराबर." त्यांच्याकडं कौतुकाचा एवढा एकच शब्द होता, आणि तोही ते काटकसरीनं वापरायचे.

पण सरांचा खरा विषय भाकरी. चहा सात-आठ मंगळवारांत झाला. वातीचा स्टो पेटवताना एकदा फडकं पेटलं, तर सर शांतपणे म्हणाले, "फडकं जळालं. गाव न्हाई जळालं. दुसरं घे." भाकरीला मात्र पावसाळा गेला, हिवाळा गेला. सर पाटावर बसून सांगायचे: "पीठ चाळ. मधी आळं कर. ऊन पाणी घाल. मळ. आणखी मळ. कडंकडंनं थाप, मधी थापू नको. करंगळीनं कड तपास. पाण्याचा हात वरच्या अंगाला." मधूनच वहीची पानं उलटल्याचा आवाज यायचा. मला वाटायचं, माझी प्रगती लिहून राहिलेत. मग मी आणखी नेटानं थापायचो.

भाकरी तुटायची, तव्यापर्यंत पोचायचीच नाही. मी रडकुंडीला येऊन म्हणायचो, "सर, तुमी एकदा करून दाखवा की. मी तुमच्या हाताला हात लावून बघतो."

"न्हाई. माझा हात धरून शिकशील, तर जल्मभर माझाच हात लागंल."

काय वाक्य! अंगावर काटा यायचा. राग यायचा तो यायचाच, पण वाक्य मी मनात कोरून ठेवलं. पाहुण्यारावळ्यांनाही ऐकवलं.

आणखी एक खोड. काही अडलं म्हणून विचारलं, तर उत्तर जागच्या जागी कधी मिळायचं नाही. भाकरीला चिरा काहून जातात सर? "पुढच्या मंगळवारी." तव्याला काहून चिकटती? "पुढच्या मंगळवारी." मला वाटायचं, आठवडाभर पोरानं स्वतः डोकं चालवावं म्हणून ही युक्ती. आणि पुढच्या मंगळवारी उत्तर अगदी चोख यायचं: "पीठ जुनं हाय. विरी गेली त्याची, चिकटपना ऱ्हायला न्हाई. पाणी उकळतं घाल." तसं केलं की चिरा बंद. मी मनात म्हणायचो, मानूस तिरसट हाय, पण विद्या हाय.

आणि केलेलं सगळं स्वतः खायचे. कच्चं, करपलेलं, राखेत पडलेलं. "माझं पोट हीच तुझी परीक्षेची वही," म्हणायचे. एकदा माझ्याकडून वरणात मिठाच्या जागी सोडा पडला. सरांनी वाटी संपवली, आणि त्या दिवशी साडेचारची गाडी गेली, सहाची गेली, सर आपले तांब्या घेऊन परसाकडं. परत आल्यावर खोल गेलेल्या आवाजात म्हणाले, "मिठाचा डबा डाव्या हाताला. बोट लावून चाखायचं, मंग टाकायचं." पुढच्या मंगळवारी परत जेवायला बसले. हे मात्र मला त्या रागातसुद्धा कळायचं, की असं जेवायला छातीच लागते.

हिंगोली जिल्हा झाली त्या सुमाराला कळमनुरीत मला टेलिफोनचा बूथ मंजूर झाला. अपंगांना तेव्हा बूथ मिळायचे. पिवळी पाटी, काचेचं दार, एसटीडी, आयएसडी, सगळं. बसस्टँडच्या मागं, पुढं बूथ आणि मागं एक खोली. पुढं मोबाइल आले आणि बूथ गेला, आता तिथं माझं झेरॉक्सचं दुकान आहे. पण तेव्हा बूथ म्हणजे राज्य.

घरात आनंदीआनंद झाला आणि बाबांनी लगेच ठरवून टाकलं. "नाव तुझंच ऱ्हाईल. बसंल थोरला. तू कशाला तिकडं एकटा? हितं दोन टाइम भाकर तुला कोनी ना कोनी घालंलच."

थोरला वाईट नव्हता. शेताला कंटाळला होता, एवढंच. पण त्या दिवशी मला कळलं, की मी बाजेवरून कधीच उठलो असलो तरी घरच्यांच्या डोक्यात अजून बाजेवरच आहे. मी ओरडलो. जन्मात पहिल्यांदा बाबांवर ओरडलो. म्हटलं, बूथ माझा हाय, मीच बसन, मीच ऱ्हाईन. शेवटी सर मधे पडले आणि बाबांनी अट घातली: महिनाभर एकट्यानं राहून दाखवायचं. बाहेरून ताट आलं, शेजारणीनं भाकरी टाकून दिली, की खेळ खलास. बूथवर थोरला बसणार. "आन गुरुजी," बाबा म्हणाले, "तुमी बी तिकडं फिरकायचं न्हाई. तुमी मागं असल्यावर तो एकटा कसला?"

"कबूल," सर म्हणाले. "पाऊल टाकनार न्हाई." जाताना त्यांनी पितळी कुलूप माझ्या हातात ठेवलं.

सतरा दिवस बरे गेले. बरे म्हणजे दूध दोनदा उतू गेलं, एकदा मी साबणाच्या जागी खोबऱ्याच्या वडीनं सदरा धुवायला बसलो, पण गाव काही जळालं नाही. अठराव्या दिवशी, गुरुवारी दुपारी, गल्लीत आवाज आला. खट-फट, खट-फट.

"सर, तुमी? बाबांनी सांगितलंय ना!"

"मदतीला कोन आलंय? मी जेवाया आलो. काय केलंस?"

चार भाकऱ्या आणि पिठलं खाऊन, ढेकर देऊन गेले. शुक्रवारी पुन्हा. शनिवारी पुन्हा. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, "सर, घरी काकू बऱ्या हायेत ना?"

"बऱ्या हायेत. लेकीच्या बाळंतपणाला नांदेडला गेल्या." मग जरा बारीक आवाजात, "आठ दिस झाले."

मी आणखी काही विचारणार, तेवढ्यात बूथवर एक बाई आली. तिला पुण्याला लेकाला फोन लावायचा होता. मी म्हटलं, "सर, तवा तापलाय. पीठ मळून ठेवलंय. दोन भाकरी टाका तवर."

"मी?"

"मंग काय तवा टाकंल?"

बाईचा फोन लावताना माझा एक कान आतच होता. भाकरी थापायचा आवाज मला झोपेतसुद्धा ओळखता येतो. आधी जाड, थप थप. पसरत गेली की पातळ, टप टप टप. आतून आवाज आला, 'फद'. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा 'फद'. मग "आयोव!" म्हणजे हात पोळला. माझ्या मनात पाल चुकचुकली.

बाई गेली. मी आत वळलो आणि दारात खाकरणं ऐकू आलं. ते खाकरणं मी जन्मापासून ओळखतो. बाबा होते.

"वा, गुरुजी," बाबा म्हणाले. "म्हंजे भाकरी तुमी थापून घालून राहिले व्हय! मी बी म्हनलं, पोरगं वीस दिस कसं काय टिकलं. झालं तर मंग. उद्या थोरला येतो."

काय सांगणार? बाबांना दिसत होतं ते खरंच होतं: स्टोपुढं सर, कोपरापर्यंत पीठ, आणि मी बाहेर मोकळ्या हातानं. माझा बूथ, माझी खोली, माझं कुलूप, सगळं त्या 'फद' आवाजात गेलं असं वाटलं.

सरांनी परातीत हात झटकले. मग म्हणाले, "भाऊ, जरा इकडं या. ही भाकर बघा."

बाबा वाकले असावेत. "ही भाकर हाय?"

"नीट बघा."

"मधी भोक हाय. एक अंग कच्चं, एक जळालं. गुरुजी, ही तर म्हशीपुढं बी टाकता येत न्हाई."

"मी केली. माझ्या जल्मातली पयली. मला भाकर येत न्हाई, भाऊ. कधीच येत नव्हती. चहा बी येत न्हाई. घरी पाण्याचा गिलास बी बायको हातात देती. ती नांदेडला गेली, अन् तीन दिस झालं, हे पोरगं मला खाऊ घालून राहिलंय."

"मंग ह्याला शिकवलं कोनी?" बाबांनी विचारलं.

"तिनंच. सोमवारी ती सांगायची, मी वहीत उतरून घ्यायचो. मंगळवारी वाचून दाखवायचो. ह्यानं काही इचारलं, की परत तिला इचारायचो. चिंच बी तिचीच अक्कल. म्हनली, पोराची माय त्याला काही करू द्यायची न्हाई, आधी तिच्या हाताला काम द्या."

म्हणजे ती पानं उलटणं! आणि ते 'पुढच्या मंगळवारी'! आणि माझं ते अंगावर काटा आणणारं वाक्य! कसला हात अन् कसलं काय, हाताला भाकरीच येत नव्हती तर दाखवणार काय? खरं सांगतो, आधी संताप आला. मग असं हसू फुटलं की मला भिंत धरावी लागली. माझे डोळे शाबूत असते तर सरांचं बिंग पहिल्याच मंगळवारी फुटलं असतं.

बाबा मात्र हसले नाहीत. चटईवर बसले आणि म्हणाले, "तू करून दाखव."

मी हात धुतले आणि बसलो. गोळा घेतला, पीठ पसरलं, कडंकडंनं थापायला लागलो. भाकरी उचलून तव्याकडं हात नेला, तशी बाबांची चटई वाजली. "अरे जपून, तवा—" ते उठलेच. सरांनी पिशवी त्यांच्यापुढं सरकवली.

"भाऊ, चिंच."

"आँ?"

"चिंच हाय पिशवीत. फोडा. गाडीच्या आत पायजे."

आणि माझे बाबा, ज्यांनी घरात कधी लसणाची पाकळी सोलली नव्हती, ते खाली बसून चिंच फोडायला लागले. टरफलाचा आवाज येत होता, मधेच थांबत होता, पुन्हा सुरू होत होता. मी वरच्या अंगाला पाण्याचा हात फिरवला, पाणी सुकल्याचा वास आल्यावर भाकरी उलटली, मग तवा उतरवून आचेवर धरली. भाकरी फुगली आणि तिच्यातून फुस्स करून वाफ निघाली.

बाबांनी ती भाकरी ठेच्याबरोबर खाल्ली, अख्खी. हात धुवायला मी तांब्या पुढं केला. पाणी पडत होतं आणि त्यांचा हात तिथंच होता. मग म्हणाले, "थोरल्याला सांगतो, शेत बघ म्हनून." आवाज ओला होता. मलाही रडू आलं, आणि माझ्या हाताला चिंच नव्हती, त्यामुळं मी पोटभर रडून घेतलं.

बाबांना स्टँडवर सोडायला मी गेलो. काठी घेऊन मी पुढं, बाबा मागं. दोनदा त्यांचा हात माझ्या दंडाशी येऊन परत गेलेला मला कळला. हिंगोलीच्या गाडीत बसल्यावर ते खिडकीतून एवढंच म्हणाले, "गुरुजीला जेवू घाल बाबा. लई हाल चालले त्यांचे."

परत येताना मी मनाशी हिशोब मांडत होतो. म्हणजे मला शिकवलं काकूंनी, ज्यांना मी कधी भेटलोसुद्धा नव्हतो. सरांनी काय केलं? नुसती ने-आण. हिंगोलीतलं शहाणपण एसटीत घालून आमच्या फाट्यावर उतरवलं, आणि आमचे प्रश्न परत नेले. पोस्टमनसुद्धा एवढं करतो. पण पोस्टमनला कोणी सोड्याचं वरण खायला लावत नाही. आणि मी बाजेवर होतो त्या चार वर्षांत आमच्या घरी दुसरं कोण आलं होतं? ने-आण करायलासुद्धा कोणी आलं नव्हतं. आणि आज बाबांपुढं, सगळ्या पट्ट्यात मिळवलेली मास्तरकी त्या माणसानं एका भोक पडलेल्या भाकरीवर ठेवून दिली होती, माझ्यासाठी.

गल्लीत शिरलो तर खोलीतून आवाज येत होता. मी जाताना परातीत दोन गोळे ठेवून गेलो होतो. 'फद'. मग शिवी. मग 'थप'. आत जाऊन त्यांचा हात धरावा असं फार वाटलं. काठी भिंतीला टेकवली आणि बाहेरच उंबऱ्याशी बसलो, चिंचेची उरलेली बोटकं मांडीवर घेऊन. थप. थप थप. बऱ्याच वेळानं, अडखळत, पण स्पष्ट ऐकू आलं: टप टप टप.

"बराबर," मी बाहेरूनच म्हटलं.